रोज चालतोय, मग अजून काय करायचं? वाचकांचे व्यायामाचे प्रश्न

या वेळी व्यायामावर प्रश्न मागवले होते. पत्रं वाचताना एक गोष्ट परत परत जाणवली, की बहुतेक जण एकच काहीतरी धरून बसलेत, कोणी फक्त चालतंय, कोणी फक्त जिम, कोणी फक्त सूर्यनमस्कार, आणि ते अगदी मनापासून चाललंय, तरी कंबर दुखतेय नाहीतर दम लागतोय. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर देतेय, पहिलं तर बरंच लांबलंय पण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय.

प्रश्न: नमस्कार ताई, मी ४६ वर्षांची, बँकेत नोकरी, ठाणे ते फोर्ट रोजची लोकल. दोन वर्षं झाली रोज रात्री अर्धा तास न चुकता चालते. तरी वजन तिथेच. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन दुसरा मजला चढले की धाप लागते आणि कंबर तर कायमच धरलेली असते. बहीण म्हणते योगा लाव, मुलगा म्हणतो जिम लाव, शेजारच्या वहिनी म्हणतात झुंबाला चल. सकाळी आठला घर सोडते, परत यायला साडेसात होतात. मी नक्की काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, सगळ्यात आधी सांगते, चालणं सोडू नका. लोकलचे धक्के खाऊन घरी आल्यावर, स्वयंपाक बघून, परत चप्पल घालून बाहेर पडायचं आणि ते दोन वर्षं टिकवायचं हे सोपं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलंय त्यात मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम हवा, तुमचे रोजचे अर्धा तास धरले तर २१० मिनिटं झाली, म्हणजे तिथे तुम्ही पास आहात. फक्त वेग एकदा तपासा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागला की तो मध्यम जोर. मैत्रिणीशी गप्पा मारत दुकानं बघत चालणं मनाला छान असतं पण ते या हिशोबात धरू नका.

आता राहिलं काय ते बघा. त्याच सूचनांमध्ये पुढे लिहिलंय की आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा, आणि आपल्याकडे नेमकं तेच कोणी करत नाही, बायका तर अजिबातच नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, आपण काही केलं नाही तर. त्यात पाळी जायच्या आसपास हाडंही झपाट्याने विरळ व्हायला लागतात. चालण्याने हृदय आणि फुप्फुसं चांगली राहतात, पण पिशवी धरणारी मूठ, ती ओढून धरणारे खांदे, कंबरेला आधार देणारी पाठ आणि कुल्ल्यांचे स्नायू, यांना सपाट रस्त्यावर चालताना फारसं कामच पडत नाही. त्यामुळे जिना आणि पिशव्या एकत्र आल्या की त्यांची दमछाक होते आणि सगळा भार कंबरेवर येतो.

वजनाचं म्हणाल तर अर्धा तास चालून साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात, संध्याकाळी स्टेशनवर एक वडापाव खाल्ला की त्याच्या दुप्पट परत येतात. नुसत्या चालण्याने वजन उतरत नाही म्हणून निराश होऊ नका, वजनकाट्यापेक्षा टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, आपल्या लोकांसाठी बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असं धरतात. ताकद वाढायला लागली की काटा हलायच्या आधी हा आकडा हलतो असं मी खूप जणींच्या बाबतीत बघितलंय.

तर मंगळवार आणि शुक्रवार, चालायच्या ऐवजी घरात पंचवीस मिनिटं ताकदीची. पाच हालचाली करायच्या आहेत आणि पाचही तुम्ही आयुष्यभर करत आलायत.

पहिली, उठणं-बसणं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्याएवढी लांब आणि गुडघ्यांच्या थोडी मागे, हात छातीवर. आता पुढे झुकून, टाचांवर जोर देऊन उभं राहा. खरी मेहनत परत बसताना आहे, मनात चार म्हणेपर्यंत हळूहळू खाली या आणि बूड खुर्चीला लागलं न लागलं की परत वर. धपकन बसलात तर अर्धा फायदा गेला. गुडघे आत वळत असतील तर मुद्दाम करंगळीच्या दिशेने ठेवा. दहा वेळा सहज व्हायला लागलं की पाठीवर मुलाची सॅक लावा, त्यात दोन किलो तांदूळ, मग चार किलो.

दुसरी ढकलण्याची, ओट्याला हात टेकून जोर काढायचे, शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ, छाती ओट्याच्या कडेपर्यंत न्यायची आणि परत. जमिनीवर जोर निघत नाहीत म्हणून बायका सोडून देतात, त्याची गरजच नाही, ओट्यावरून सुरू करा, काही महिन्यांनी पलंगाच्या कडेवर या. तिसरी ओढण्याची, एक हात खुर्चीवर टेकून पुढे वाका आणि दुसऱ्या हाताने पाच किलो पिठाची पिशवी कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढा, दोन्ही बाजूंनी. चौथी वाकण्याची, आणि कंबरदुखीसाठी मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहा, गुडघे किंचित मऊ, आणि पाठ सरळ ठेवून बूड मागे नेऊन भिंतीला लावा. लागलं की थोडं पुढे सरका आणि परत करा. यात पाठीत गोलाई येत नाही, मांडीच्या मागे ताण येतो, तो आला म्हणजे बरोबर चाललंय. बादली, कुकर, गादी काहीही उचलताना असंच वाकायचं. पाचवी एकदम सोपी, दोन्ही हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन हॉलमधून बेडरूमपर्यंत ताठ चालायचं, मिनिटभर. भाजीच्या पिशव्यांचा सरावच हा.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, मग थोडं थांबून परत एकदा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, हसतखेळत झालं तर वजन वाढवा. श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. पहिल्या वेळेनंतर एक-दोन दिवस मांड्या दुखतील, जिना उतरताना आई गं होईल, ते साधारण तीन दिवसांत जातं आणि पुढच्या वेळी कमी होतं. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा कंबरेतून पायात कळ गेली तर थांबा आणि दाखवून घ्या.

बाकीचे दिवस चालणं आहे तसंच, फक्त त्यातल्या एका दिवशी दोन मिनिटं भरभर, दोन मिनिटं आरामात असं पाच-सहा वेळा करा, जिन्याची धाप याने कमी होते. झोपायच्या आधी पाच मिनिटं कंबर आणि मांड्या मोकळ्या करा. रविवारी जमलं तर घरातल्यांना घेऊन येऊरच्या रस्त्याला जा, चढ आहे, झाडं आहेत.

योगा, जिम, झुंबा यातलं काय तर झुंबा हा चालण्याच्या खात्यातला, योगा मुख्यतः लवचिकपणाच्या आणि तोल सांभाळण्याच्या खात्यातला, जिम ताकदीच्या. तुमचं ताकदीचं खातं रिकामं आहे म्हणून आधी ते भरा, घरी भरा किंवा जिममध्ये भरा. वहिनींबरोबर झुंबाला जायची हौस असेल तर एक-दोन दिवस चालण्याच्या जागी खुशाल जा.

प्रश्न: ताई, वय २२, सांगली जिल्हा. तीन वर्षं जिम करतोय, आठवड्यातले सहा दिवस, बॉडी चांगली झालीय, बेंच ८० किलो मारतो. आता पोलीस भरतीची तयारी चालू केली तर १६०० मीटरला पहिल्या राउंडलाच फुफ्फुसं बाहेर येतात. माझ्यापेक्षा बारीक पोरं पुढे निघून जातात. जिम सोडू का?
– एक वाचक

उत्तर: सोडू नकोस, पण सहा दिवसांचे तीन कर. सहा दिवसांत छाती, दंड, खांदे किती आणि पाय किती हे तू लिहिलं नाहीस पण ८० किलोची बेंच, म्हणजे छातीचा व्यायाम, सांगितलीस आणि स्क्वॉटचा, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठकांचा, आकडा नाही सांगितला त्यावरून अंदाज येतो. तीन दिवस पूर्ण शरीर कर, प्रत्येक दिवशी एक पायांचा मोठा प्रकार, एक ढकलायचा, एक ओढायचा, आणि पोट. एवढ्याने कमावलेली बॉडी जात नाही. गोळाफेकीलाही पाय आणि कंबरच कामाला येतात, दंड शेवटी येतो.

उरलेले तीन दिवस पळायचं, आणि इथे जवळजवळ सगळी पोरं एकच गडबड करतात, रोज ग्राउंडवर गेलं की १६०० मीटर जीव खाऊन पळायचं आणि वेळ लावायची. त्याने दम वाढत नाही, पोटऱ्या आणि नडग्या मात्र दुखायला लागतात. पहिले सहा आठवडे दोन दिवस एवढ्या हळू पळ की शेजारच्याशी बोलता येईल, वीस मिनिटांपासून सुरू करून चाळीसपर्यंत ने, पळवत नसेल तर मधे चाल. या हळू पळण्यातूनही हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं. तिसऱ्या दिवशी ४०० मीटरचे चार राउंड जोरात, मधे दोन-तीन मिनिटं चालत विश्रांती. वेळ महिन्यातून एकदाच लाव. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं ग्राउंड बरं, आणि जिमचे सपाट बूट पळायला वापरू नकोस.

तुझ्या भागात तर तालमीची परंपरा आहे. पहाटे पळणं, जोर, बैठका, सपाटे, दोरावर चढणं, मुद्गल फिरवणं आणि मग मातीत लढत. त्यात दम, पाय, पाठ, पकड, खांद्याची मोकळीक सगळंच येतं. १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडशेजारच्या गोळेश्वरचे, त्याच मातीतले. गावात तालीम चालू असेल तर आठवड्यातून एकदा जाऊन वस्तादांकडून सपाटे शिकून घे, शंभर बैठका सलग मारून बघ, पायात किती जोर आहे ते तिथेच कळेल.

प्रश्न: दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला व्यायामाची गरज असते का? आईचं वय ४५, कांदा लागवड, खुरपणी, डोक्यावर ओझं सगळं करते. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा तर ती हसली. पण संध्याकाळी तिला कंबर सरळ करता येत नाही आणि हल्ली फार थकते.
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर: तुमच्या आईंबद्दल वाचून मला खात्री आहे की त्यांच्या मुठीत आणि पायात जिमला जाणाऱ्या कितीतरी जणांपेक्षा जास्त ताकद असेल. त्यांना अजून मेहनत करा असं सांगणं हे चुकीचं आहे, आणि डॉक्टरांनाही बहुतेक तसं म्हणायचं नसणार. प्रश्न असा आहे की सगळी मेहनत एकाच बाजूची आहे. तासन्‌तास पुढे वाकून राहायचं, मान खाली, आणि उलट दिशेची हालचाल दिवसभरात एकदाही नाही. म्हणून त्यांना हवी ती उलटी हालचाल.

अर्ध्या-पाऊण तासाने, एक सरी संपली की, उभं राहून दोन्ही तळवे कंबरेवर ठेवून हळू मागे वाकायचं, आठ-दहा वेळा, मिनिटभराचं काम आहे. डोक्यावर एकदम मोठं ओझं घेण्याऐवजी दोन खेपा करायच्या किंवा दोन्ही हातांत वाटून घ्यायचं. जमेल तिथे खुरप्याऐवजी उभ्याने चालवायचं सायकल कोळपं वापरा, ते घेण्यात घातलेले पैसे वाया जात नाहीत. संध्याकाळी दहा मिनिटं जमिनीवर उताणं पडून पोटऱ्या खाटेवर ठेवायच्या, कंबर पूर्ण सैल सोडायची, मग पालथं होऊन कोपरांवर छाती उचलायची. आणि आठवड्यातला एक दिवस खरी सुट्टी, त्या दिवशी घरातली धुणी-भांडी दुसऱ्या कोणीतरी करायची. हे मी आग्रहाने लिहितेय कारण शेतातून आल्यावर बाईची दुसरी शिफ्ट सुरू होते हे घराघरात दिसतं आणि त्याला कोणी थकवा म्हणत नाही.

थकव्याचं मात्र व्यायामावर ढकलू नका, आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय दिसला होता. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि आईंच्या ताटात डाळ, उसळ, अंडं सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं येतं का, ते जरा बघा.

प्रश्न: वय ७०, पुणे. मी रोज पर्वती चढतो, तब्येत ठणठणीत. पण मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पाय सरकला, हाड मोडलं नाही पण मनात भीती बसली. पत्नीचे गुडघे दुखतात म्हणून तिने चालणंच बंद केलंय. दोघांसाठी काही सुचवा.
– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: काका, पर्वतीच्या १०३ पायऱ्या सत्तरीत रोज चढता हे फारच छान, तुमचं हृदय आणि मांड्या दोन्ही त्यात येतात. फक्त उतरताना कठड्याच्या बाजूने आणि सावकाश. तुमचं राहिलंय ते तोल सांभाळण्याचं. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीचं काम करा असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, कारण या वयात पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे घरचं सगळं गणित बदलून टाकतं.

ओट्याजवळ उभं राहा, बोटं नुसती टेकलेली, आणि एक पाय उचलून दहा आकडे. मग दुसरा. जमलं की एकच बोट टेकवा, मग हात ओट्यापासून इंचभर वर. रोज दात घासताना करायची सवय लावून घेतली तर वेगळा वेळ लागत नाही, पण बाथरूमच्या ओल्या फरशीवर नको, बाहेरच्या बेसिनला. दुसरं, भिंतीच्या कडेने एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालणं. तिसरं टाचा उचलून पंजांवर उभं राहणं, पंधरा वेळा.

आणि जमिनीवरून उठायचा सराव ठेवा. आधी गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढे, हात खुर्चीच्या बैठकीवर, मग उठा. आपण मांडी घालून जेवायला बसायचं सोडलं आणि हे कौशल्य हळूहळू गेलं, पण पडल्यावर उठता येणं हे घरात एकटं असताना फार महत्त्वाचं असतं. बाथरूममध्ये भिंतीला पकडायची दांडी लावून घ्या, रात्रीचा दिवा ठेवा, आणि बीपीची गोळी चालू असेल आणि उठल्यावर डोकं हलकं होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, गोळीची मात्रा बघावी लागते.

काकूंना सांगा की गुडघा झिजलाय म्हणून चालणं बंद केलं की मांडीचा स्नायू बारीक होतो, मग गुडघ्यावर आणखी भार येतो आणि आणखी दुखतं. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने दाबून मनात पाच म्हणायचं, दहा-दहा वेळा सकाळ संध्याकाळ. दोन आठवड्यांनी उंच खुर्चीवरून हाताचा आधार घेऊन उठणं-बसणं, आणि सपाटीवर दहा मिनिटं चालणं, तुमच्या बरोबर. थोडं दुखलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शांत व्हायला हवं, झालं नाही तर पुढच्या वेळी कमी करायचं. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकला तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडे.

प्रश्न: रोज बारा सूर्यनमस्कार घालते. एवढं पुरेसं आहे का?
– एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: सुरुवात म्हणून उत्तम. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांपर्यंत नेले, आणि तो व्यायाम एवढा पसरला कारण त्याला जागा चटईएवढीच लागते, पैसे लागत नाहीत आणि पाठीचा कणा पुढे-मागे दोन्हीकडे वळतो. पण बारा नमस्कार हळू घातले तरी दहा मिनिटांच्या आत होतात. दमाचं काम व्हायला संख्या हळूहळू वाढवून सलग वीस मिनिटं घालता आले पाहिजेत. दुसरं असं की त्यात ढकलणं आहे पण ओढणं अजिबात नाही, म्हणून पाठीच्या वरच्या भागासाठी मघाशी ठाण्याच्या ताईंना सांगितलेलं पिशवी ओढणं घाला, किंवा बागेतल्या दांडीला नुसतं लोंबकळा. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवून करा. बीपी नियंत्रणात नसेल, किंवा कंबरेची गादी सरकलेली असेल तर आधी विचारून घ्या.

प्रश्न: दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का? घड्याळ सारखं आठवण करतं आणि सात हजारावर मी अडकतो.
– एक वाचक, दुबई

उत्तर: नाही. दहा हजारचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आणलं तेव्हा त्याच्या नावातून आला, तो काही संशोधनातून निघालेला नव्हता. सात हजार चांगलेच आहेत. त्यातली दोन-तीन हजार भरभर होतायत का ते बघा आणि उरलेला वेळ ताकदीला द्या, तुमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर चालवत नाही तेव्हा तर तेच सोयीचं पडेल.

प्रश्न: वय ५५, नागपूर, किराणा दुकान. आठ वर्षांपासून शुगर आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच ऊन टोचायला लागतं, संध्याकाळी दुकान सोडता येत नाही. बसून बसून दिवस जातो.
– एक वाचक

उत्तर: भाऊ, तुमच्यासाठी लांब चालण्यापेक्षा जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं जास्त उपयोगाची आहेत. जेवण झालं की रक्तात साखर चढते, त्याच वेळी पायाचे स्नायू कामाला लावले की ते ती साखर इन्सुलिनची फार वाट न बघता ओढून घेतात. दुकानातल्या दुकानात, घरात, गच्चीच्या जिन्यात, कुठेही. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, म्हणून गिऱ्हाईक नसताना काउंटरला धरून दहा बैठका, दिवसातून पाच-सहा वेळा. दुकानातली पोती हलवायला पोऱ्या आहे तरी हलकी खोकी रॅकवर तुम्ही स्वतः लावा. व्यायामाचा साखरेवरचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका, रविवारी एकदम दोन तास करून ते भरून निघत नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला बाहेर पडा, सोबत पाणी.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवा, घाम सुटला, हात थरथरले, घाबरल्यासारखं झालं तर लगेच तीन चमचे साखर खाऊन पंधरा मिनिटांनी परत तपासा, ७० च्या वर आली पाहिजे. रोज रात्री तळपाय बघा, फोड किंवा जखम कळतही नाही कधी कधी. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या, त्यात दोष निघाला तर श्वास रोखून जड वजन उचलायचं नाही. चालताना छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात भरून आला तर गॅस समजून घरी बसू नका, थेट दवाखाना.

प्रश्न: शाकाहारी आहोत, प्रोटीन पावडर घ्यावी लागेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: बहुतेकांना नाही. रोजची किमान गरज दर किलो वजनाला साधारण पाऊण ते एक ग्रॅम, ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. आपल्या ताटात अडचण अशी आहे की भात-पोळीच्या मानाने वरण फार पातळ आणि कमी असतं. वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीच्या उसळीत सहा-सात ग्रॅम येतात, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ, मूठभर भाजलेल्या चण्यात सहाएक, सोया वडीत सगळ्यात जास्त. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट काहीतरी, एक वाटी दही, मधल्या वेळी चणे-शेंगदाणे, एवढं आधी करून बघा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

प्रश्न: गणपती, लग्न, ताप, काहीतरी येतं आणि व्यायाम बंद पडतो. मग परत सुरू केलं की पहिल्याच दिवशी पाठ धरते. परत सुरू करायची पद्धत काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: दोन आठवड्यांपर्यंतचा खंड असेल तर फार काही गेलेलं नसतं, पहिल्या आठवड्यात नेहमीपेक्षा निम्मं वजन आणि निम्मी संख्या, दुसऱ्या आठवड्यात पाऊण, मग पूर्ववत. महिन्याभराचा खंड असेल तर याच्या दुप्पट वेळ द्या. पाठ धरते ती पहिल्याच दिवशी जुन्या आकड्यावर उडी मारल्यामुळे, कारण काय उचलत होतो ते डोक्यात पक्कं असतं पण स्नायू आणि त्यांना हाडाला जोडणारे बंध तेवढे तयार राहिलेले नसतात. तापानंतर वेगळं धरा, ताप उतरून दोन-तीन दिवस होऊ द्या, भूक परत येऊ द्या, मग फक्त चाला. डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा न्यूमोनिया झाला असेल तर डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. आणि सणाच्या दिवसांत पूर्ण बंद करण्याऐवजी खुर्चीवरून उठणं-बसणं आणि ओट्यावरचे जोर, एवढे दोनच प्रकार आठवड्यातून एकदा केले तरी ताकद बऱ्यापैकी टिकते. पाहुणे घरात असले तरी स्वयंपाकघरात पाच-सात मिनिटांत होऊन जातं.